‘फक्त रेकॉर्ड शॉट आहे’

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये अँडरसन स्ट्रीट म्हणून एक गल्ली आहे. कागदाचे व्यापारी, लग्नपत्रिकांची दुकानं आणि डिसेंबर जवळ आला की डायऱ्या-कॅलेंडरांचे गठ्ठे. मराठी माणूस या भागात येतो तो बहुधा दोन कारणांनी. एक म्हणजे तंबू चेट्टी स्ट्रीटवरचं काळिकांबाळचं देऊळ. कर्नाटक मोहिमेत 1677 साली शिवाजी महाराज तिथे दर्शनाला येऊन गेले असं तिथले लोक सांगतात. दुसरं कारण पोटापाण्याचं. शेजारच्या सावकारपेठेत सोनं-चांदी गाळणारे सांगली, विटा, खानापूरकडचे गलाईवाले पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वन्यजीवांची छायाचित्रं बघायला म्हणून या गर्दीत कुणी शिरत नाही. तरी आपल्याकडे निसर्गाचं छायाचित्र सर्वांत जास्त डोळ्यांपर्यंत पोचलं असेल तर ते अशा गल्ल्यांतून सुटलेल्या कॅलेंडरांवरूनच. धुक्यातला हत्ती किंवा पाण्यात बसलेला वाघ, आणि खाली ठळक अक्षरांत सराफाचं नाव. फोटो कुणी काढला, कुठे, कोणत्या महिन्यात, याचा पत्ता नसतो आणि भिंतीला खिळा ठोकणाऱ्याला त्याचं काही पडलेलंही नसतं.

छंदाच्या माणसांनी छंदाच्या माणसांना फोटो दाखवणं हा वेगळा व्यवहार आहे. तिथे पाहणारा विचारतो: हे कुठलं? मादी आहे का? पावसाआधीचं की नंतरचं? या व्यवहाराचा गेल्या पावणेदोनशे वर्षांतला प्रवास आणि आज त्याचं काय झालंय, हे पाहण्यासारखं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. या मंडळींत सर्वांत कमी लेखला जाणारा फोटो म्हणजे ‘रेकॉर्ड शॉट’: लांबून काढलेला, थोडा हललेला, फांदी आडवी आलेला. टाकतानाच माणूस ओशाळून लिहितो, ‘फक्त रेकॉर्ड शॉट आहे’. आणि नेमका तोच पुढे कामाला येतो.

सुरुवात सभांपासून झाली. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली; डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. त्याच दशकात मद्रासलाही अशी सोसायटी उभी राहिली. सभासदांनी ठरलेल्या दिवशी जमायचं, आपापले प्रिंट मांडायचे, कोणतं रसायन वापरलं आणि किती वेळ प्रकाश पडू दिला ते सांगायचं, अशी रीत. त्या काळात हलणारा पक्षी टिपणं अशक्यच होतं, म्हणून देवळं, किल्ले, झाडं. प्राणी आले ते विसाव्या शतकात. 1927 साली एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांचं वाघांवरचं पुस्तक निघालं. वाघाने तारेला पाय लावला की झगझगाट होऊन फोटो निघावा, ही आजच्या कॅमेरा-ट्रॅपची युक्ती त्यांनी तेव्हाच जंगलात राबवली होती. पक्ष्यांच्या बाजूला ई. एच. एन. लोथर यांचं भारतातल्या पक्षिछायाचित्रणावरचं पुस्तक 1949 सालचं. लोथर घरट्याजवळ लपण उभारून बसत. जड कॅमेरा आणि मंद फिल्म घेऊन पक्ष्याजवळ जायचं तर तो हमखास परत येतो अशी जागा हवी, आणि ती म्हणजे घरटं. आज जे निषिद्ध मानलं जातं ते त्या पिढीचं मुख्य तंत्र होतं. त्यांना आजच्या नियमांनी झोडपणं सोपं आहे, पण तेव्हा सबंध देशात अशी माणसं मोजकीच होती.

मद्रासपुरतं बोलायचं तर या विषयात एकच नाव पुरेसं आहे, एम. कृष्णन. जन्म 1912, तमिळ कादंबरीकार अ. माधवय्या यांचे धाकटे चिरंजीव. ‘द स्टेट्समन’मध्ये 1950 पासून 1996 साली वारले तोपर्यंत ते एकच सदर लिहीत राहिले. सोबत बहुतेक वेळा स्वतः काढलेला किंवा रेखाटलेला प्राणी. कॅमेरा विकत घेतलेला नव्हे. वेगवेगळ्या यंत्रांचे भाग जोडून घरीच बनवलेला. त्याला त्यांनी ‘सुपर-पॉन्डेरोसा’ असं भारदस्त नाव ठेवलं होतं. फोटो कृष्णधवल. रंगीत फिल्म सर्रास मिळू लागली तरी हा गृहस्थ कृष्णधवललाच धरून राहिला.

कृष्णन यांचं काम पाहताना मला त्यांची मांडणी महत्त्वाची वाटते. हत्तींचा कळप असेल तर कोण पुढे, पिल्लू कुठे, सोंडा कोणत्या दिशेला, हे फोटोत दिसतं आणि मजकुरात येतं. 1959 ते 1970 या काळात त्यांनी द्वीपकल्पातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी केली, ती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने छापली. त्यातली छायाचित्रं पुरावा म्हणून आहेत, शोभेसाठी नाहीत. त्यांना पद्मश्री मिळाली, पण त्यांच्या फोटोंचं मोठं देखणं पुस्तक निघायला 2006 साल उजाडलं, म्हणजे मृत्यूनंतर दहा वर्षं. हयातभर त्यांचे फोटो लोकांनी पाहिले ते वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदावर, बोटभर रुंदीच्या रकान्यात. आजचा एखादा हौशी छायाचित्रकार महिन्याभरात जितके फोटो लोकांसमोर ठेवतो तितके कृष्णन यांनी वर्षभरात ठेवले नसतील. तरी त्यांचा एकेक फोटो लोकांच्या लक्षात राहिला, कारण सोबत पाचसहाशे शब्द असत आणि त्या शब्दांत पाहिलेलं असे.

मग आला स्लाइडचा जमाना. उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना होता, त्याचे ‘इंदू’ छापाचे कृष्णधवल रोल आणि कागद क्लबवाल्यांच्या बजेटात बसत. परदेशी रंगीत रोल, लेन्स, दुर्बिणी यांसाठी मुंबईकरांना जशी मनीष मार्केटची वाट माहीत होती तशी मद्रासकरांना बीच स्टेशनसमोरच्या बर्मा बाजारची. ब्रह्मदेशातून परतलेल्या तमिळ निर्वासितांनी 1969च्या सुमारास मांडलेली ही दुकानांची रांग जॉर्ज टाउनच्या काठावरच आहे. एका रोलमध्ये छत्तीस फोटो आणि प्रत्येक दाबाला पैसे. त्यामुळे स्लाइड-शोला आलेला माणूस वर्षभरातल्या निवडक वीस-पंचवीसच दाखवायचा. पडदा, प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर, मध्येच उलटी बसलेली स्लाइड, आणि मागच्या रांगेतून आवाज: ‘अहो, ही रानचिमणी नाही, मागची परत लावा!’ परत लागायची. पाच मिनिटं वाद व्हायचा. महाराष्ट्रात पक्षिमित्र संमेलनांत हे होत असे, मद्रासला 1978 साली स्थापन झालेल्या मद्रास नॅचरलिस्ट्स सोसायटीच्या बैठकांत. त्या सोसायटीच्या नियतकालिकाचं नाव ‘ब्लॅकबक’, म्हणजे काळवीट. गिंडीचं राष्ट्रीय उद्यान पावणेतीन चौरस किलोमीटरच्या आसपास, शहराच्या पोटात, आणि त्यात काळविटांचे कळप. तेव्हा नावाचा फार शोध घ्यावा लागला नसणार.

याला समांतर चालली ती सलॉनची, म्हणजे स्पर्धा-प्रदर्शनांची दुनिया. तिथे परीक्षक खुर्चीत बसतात, फोटो समोर येतो, काही सेकंदांत गुण पडतात. पुढे स्वीकृत फोटोंची संख्या मोजून नावापुढे पदव्या लावायच्या. या दुनियेने दोन गोष्टी चांगल्या केल्या: तांत्रिक शिस्त लावली आणि ‘निसर्ग’ या विभागाची व्याख्या बांधून दिली. आंतरराष्ट्रीय महासंघ, अमेरिकेची सोसायटी आणि ब्रिटनची रॉयल सोसायटी या तिघांनी 2015 पासून एकच व्याख्या लागू केली. क्रॉपिंग चालेल, मूळ दृश्यात काही घालणं, हलवणं, पुसणं चालणार नाही. पाळीव प्राणी नको, लावलेली रोपं नकोत, माणसाच्या खुणा कथेचा भाग असतील तरच. पण या साच्याने डोळेही एकसारखे करून टाकले. स्वच्छ पार्श्वभूमी, डोळ्यात चमक, चोचीत मासा. हजार फोटो पाहिले तरी पक्षी राहतो कुठे ते कळत नाही, कारण त्याचं घर ‘बोके’त, म्हणजे मागच्या धूसरपणात, विरघळवलेलं असतं. मुंबईच्या नयन खानोलकरांना 2016 साली लंडनच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’मध्ये शहरी विभागाचा पुरस्कार मिळाला तो आरे कॉलनीच्या गल्लीत चाळीच्या भिंतींमधून जाणाऱ्या बिबट्याच्या फोटोला. त्या फोटोत भिंती, दिवा, वस्ती सगळं आहे. जुन्या वळणाच्या सलॉनमध्ये त्यावर परीक्षकांची कपाळं आक्रसली असती.

डिजिटलने दोन्ही दुनिया ढवळल्या. फोटो फुकट झाला आणि दाखवणं क्षणाचं. ‘अप्रतिम’, ‘लाजवाब’, अंगठा, पुढचा. मागच्या रांगेतला तो कटकट्या आवाज बंद झाला, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान तेच. चूक दाखवली तर माणूस ग्रुप सोडून जातो.

पण त्याच काळात एक शांत क्रांती झाली, आणि ती रेकॉर्ड शॉटवाल्यांनी केली. ‘ई-बर्ड’सारख्या नोंदवह्यांत लोक आपल्या पक्षियाद्या टाकू लागले. एखादी नोंद त्या भागात, त्या ऋतूत विचित्र वाटली की स्थानिक तपासनीस नम्रपणे विचारतो, फोटो आहे का? मग तोच हललेला, फांदीआडचा फोटो पुढे येतो. पंखांवरची पट्टी दिसते एवढं पुरतं. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’चा 2023चा अहवाल 30 हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींवर उभा आहे, 942 जातींचा हिशेब त्यात मांडला आहे. कोणते पक्षी घटतायत हे आपल्याला कळलं ते या लोकांमुळे. चेन्नईत पल्लिकरणैची पाणथळ जागा 2022 साली रामसर यादीत गेली. कचराडेपो आणि इमारतींनी कुरतडलेल्या त्या दलदलीत कोणते पक्षी येतात हे वर्षानुवर्षं लिहून ठेवणारे हेच लोक. महाराष्ट्रात मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह होतो. त्यात शाळकरी मुलांकडून भरून घेतलेल्या याद्यांना प्रदर्शनातल्या फ्रेमइतकाच मान मिळायला हवा, तो मिळत नाही.

नोंदीत ठिकाण खरं असण्याला किती किंमत आहे, हे सांगायला रानपिंगळ्याइतकं दुसरं उदाहरण नाही. ॲलन ह्यूमने 1873 साली या छोट्या घुबडाचं वर्णन केलं. 1884 नंतर त्याचा खात्रीचा नमुना मिळाला नाही. मधल्या काळातला एकच नमुना संग्रहालयात होता: कर्नल माइनर्टझहागेन यांच्या नावाचा, चिठ्ठीवर ‘मांडवी, गुजरात, 1914’. पक्ष्याचा शोध घेणारे त्या चिठ्ठीच्या भरवशावर चुकीच्या मुलखात हिंडले. पुढे अमेरिकन संशोधक पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला. चामडं पुन्हा शिवलेलं होतं, आतला जुना भरावा काढलेला होता. जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने 1880च्या दशकात खानदेशात गोळा केलेलाच एक पक्षी ब्रिटिश संग्रहालयातून चोरून त्यावर नवी चिठ्ठी चिकटवली होती. ती चिठ्ठी बाजूला ठेवल्यावर डेव्हिडसनच्या खऱ्या जागा उरल्या. नोव्हेंबर 1997 मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी गेले आणि सकाळच्या उन्हात निष्पर्ण झाडावर तो बसलेला दिसला. पहिलं काम त्यांनी केलं ते फोटो आणि व्हिडिओ घेण्याचं. तो पुरावा हाती होता म्हणून जगाने मानलं. 2014 साली मुंबईला पाणी देणाऱ्या तानसाच्या जंगलात रानपिंगळा सापडला, तोही पक्षिनिरीक्षकांना.

आता याची दुसरी बाजू. खरं ठिकाण सांगणं विज्ञानाला हवं आणि तेच ठिकाण प्राण्या-पक्ष्याच्या मुळावर येतं. चीनमधल्या एका सरड्यासारख्या पालीच्या जातीचं 1999 साली शास्त्रीय वर्णन झालं. निबंधात दिलेल्या जागी व्यापारी पोचले आणि मूळ ठिकाणाहून ती संपली. 2017 साली ‘सायन्स’मध्ये दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी सरळच लिहिलं, अशा जागा छापू नका. आपल्याकडे व्यापाऱ्यांइतकीच भीती आपल्याच मंडळींची. पावसाळ्यात कोकणात तिबोटी खंड्या ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करतो. मूठभर पक्षी, निळा-जांभळा-केशरी. जागा ग्रुपवर फुटली की आठवड्याच्या शेवटी शहरांतून गाड्या येतात. दरडीसमोर सोयीची काठी रोवली जाते, मधली पानं छाटली जातात. पक्षी चोचीत सापसुरळी धरून येतो, काठीवर बसतो, समोर लेन्सची भिंत बघतो, उडून जातो, परत येतो. बिळात पिल्लं थांबलेली. फोटो सुंदर येतो. फोटोत काठी दिसते, छाटलेली पानं दिसत नाहीत. म्हणून घरट्याचे फोटो न घेण्याचा नियम अनेक भारतीय स्पर्धांनी केला, हे उत्तम झालं. फोटोला बक्षीसच नसेल तर गर्दी थोडी तरी ओसरते. पुण्याच्या बाजूला गवताळ माळांवर तरस, लांडगे जवळ यावेत म्हणून कोंबड्यांचे अवशेष टाकण्याचा प्रकारही याच जातीचा. वन विभागाने कडबनवाडी, शिर्सुफळ इथे रीतसर सफारी सुरू केल्यावर निदान नियम लावायला जागा झाली.

तंत्राकडेही जरा पाहू. मोबाइलने काढलेल्या फोटोत अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर ही माहिती गळून पडते; पण ‘चांगल्या क्वालिटीत जावा’ म्हणून तोच फोटो डॉक्युमेंट करून पाठवला की माहिती जशीच्या तशी जाते. हे कितीतरी जाणत्या लोकांनाही माहीत नाही. त्या मानाने ‘आय-नॅचरलिस्ट’सारखी सार्वजनिक नोंदवही अधिक शहाणी आहे. धोक्यातल्या जातीचं ठिकाण ती साधारण वीसेक किलोमीटरच्या चौकोनात धूसर करते. संशोधकाला नेमकी जागा हवी तर त्याने नोंद करणाऱ्याकडे मागायची. ई-बर्डही संवेदनशील जातींच्या नोंदी झाकून ठेवते. घरगुती ग्रुपवर असं झाकण नसतं. तिथे दोनशे लोक असतात आणि प्रत्येकजण आणखी पाच ग्रुपांत असतो.

वाघांचं प्रकरण याच्याही पुढे गेलंय. 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-2 वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर होते, आणि सफारीच्या गाड्यांनी त्यांना दोन्ही बाजूंनी कोंडलं. हे दृश्य चित्रित करून पसरवलंही पर्यटकांनीच. ते पसरलं म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि गाइड-चालकांवर कारवाई झाली. छायाचित्रणाच्या हव्यासाने केलेला गुन्हा छायाचित्रणानेच पकडून दिला. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातल्या पर्यटन भागात मोबाइल वापरायला मनाई केली. ‘गेट नंबर अमुक, पाणवठ्यावर आत्ता बसलाय’ हा निरोप थांबला तरी मोठं काम होईल. घरी येऊन चार दिवसांनी फोटो दाखवला तर कुणाचं काही बिघडत नाही, आणि हा उशीर ज्याला झेपत नाही त्याने शर्यतीच्या घोड्यांचे फोटो काढावेत.

राहिला प्रश्न खरेपणाचा. लंडनच्याच त्या नामांकित स्पर्धेत 2009 सालचा विजेता लांडगा पाळीव असल्याच्या संशयावरून काढून टाकावा लागला, आणि 2017 सालच्या विजेत्या फोटोतलं मुंगीखाऊ पेंढा भरलेलं निघालं. दोन्ही वेळा शंका घेतली ती प्राणी आणि जागा ओळखणाऱ्या लोकांनी. आता फोटो काढावाही लागत नाही. 2025 साली पेंचच्या नावाने दारुड्या वाघाला कुरवाळतो असा व्हिडिओ फिरला, तो यंत्राने रचलेला होता. गावात बिबट्या शिरल्याच्या खोट्या चित्रांनी लोकांची झोप उडवली. स्पर्धा अंतिम फेरीत मूळ रॉ फाइल मागवतात आणि तपासतात. छंदाच्या ग्रुपला ते जमण्यासारखं नाही. तिथे चालतो तो माणसाचा आधीचा हिशेब. समजा, उद्या कुणी काळ्या बिबट्याचा फोटो टाकला. ताडोबात 2018 साली काळा बिबट्या खरोखर दिसला होता आणि त्याचे फोटोही आहेत, तेव्हा अशक्य असं काही नाही. टाकणारा जर दहा वर्षं त्याच जंगलातले हललेले, अर्धवट, ‘माफ करा, फक्त रेकॉर्ड शॉट’ असे फोटो तारखेसह टाकत आलेला असेल, तर लोक फार तर एवढंच विचारतील: कोणत्या गेटने गेला होतात, आणि जिप्सीत बरोबर कोण होतं?